डोडो गेला, चष्मेवाला अजून आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत मॉरिशसच्या सहलीवर पानभर लेख होता, बीच झाले, स्कूबा झालं, तिथल्या मराठी मंडळींचा गणपतीसुद्धा आला आणि पक्षी म्हणून कोण तर डोडो! अहो तो जाऊन तीनशे वर्षं उलटली. जो अजून जिवंत आहे त्याच्यावर एक ओळ नाही, म्हणून लिहितोय.

वेताळ टेकडीवर सकाळी जाणाऱ्यांना आपला चष्मेवाला माहितीय, हिरवट-पिवळा, डोळ्याभोवती पांढरी रिंग, टोळीने चिवचिवत फिरणारा. त्याचा एक चुलतभाऊ जगात फक्त मॉरिशसला असतो, आपण ऑलिव्ह चष्मेवाला म्हणू, जेमतेम १० सेंटीमीटर, चोच लांब नि बाकदार कारण फुलांतला मध त्याला फार लागतो. २००१ च्या सुमाराला त्याच्या १०० ते १५० जोड्या उरल्या होत्या बस, त्याही नैऋत्येला ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात. बाकी जंगल उसात वगैरे गेलं, आणि जहाजांतून आलेले उंदीर आणि माकडं घरट्यातली अंडी-पिल्लं सोडत नाहीत.

मला खरा चटका लागला तो पुढे. आपला शिपाई बुलबुल, तोच तुरेवाला, बाल्कनीतल्या कुंडीत घरटं केलं की आपण घरभर फोटो पाठवतो, तो १८९२ मध्ये तिथे गेला आणि आता बेटभर आहे, बाहेरून आलेल्या झाडांची फळं खातो आणि बिया जंगलात पसरवत जातो. त्याचा काय दोष म्हणा, नेणारी माणसंच.

२००६ पासून काही चष्मेवाले इल ओ ऐग्रेत नावाच्या छोट्या बेटावर सोडलेत, आकार आपल्या विद्यापीठाच्या आवाराच्या जेमतेम सहावा हिस्सा, पण तिथे उंदीर नाहीत आणि पक्ष्यांना खाणंही ठेवतात, तिथे ते रुळले.

आमच्या सोसायटीत मागच्या महिन्यात एकांनी पिंजऱ्यातले लव्हबर्ड टेकडीवर नेऊन सोडले, पुण्य म्हणून. टाळ्या पण वाजल्या. त्यांना हे वाचून दाखवणार आहे.

पुढच्या वेळी फोटो छापाल तर ऑलिव्हच बघून घ्या, तिथे राखाडी चष्मेवालाही आहे आणि तो बागेबागेत दिसतो, गल्लत नको.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे