धुळ्याच्या मावशींना, ज्वारीच्या पिशव्यांबद्दल

मावशी, नमस्कार.

हे सगळं तुमच्या घरी येऊन सांगता आलं असतं. पुढच्या आठवड्यात चोपडा-धुळे एसटीवर माझी कंडक्टरची ड्युटी आहेच. पण तुमच्यासमोर बसलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता आणि माझा गळा दाटून येतो. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही.

बाहुलीचं खोकं परवा आलं. मी मुक्कामी गाडीवर होते. सासूबाईंनी ते घेतलं आणि कोठीशेजारच्या गार भिंतीला लावून ठेवलं. ऊन लागू द्यायचं नाही हे त्यांना मी सांगितलं होतं, मला तुम्ही. सकाळी डेपोत हिशोब भरून घरी आले, आंघोळ केली आणि मगच पट्टी कापली. डोळे वेगळ्या डबीत होते. तुम्ही दाखवलं होतं तसं डोक्यामागचं झाकण काढलं, आतून पुट्टी लावून डोळे बसवले. डावा जरा आत गेला. परत काढला, परत बसवला. झाकणातलं लोहचुंबक टक् करून लागलं, मी तिला सरळ केलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. त्या वेळी घरात कोणी काय म्हणालं ते आठवत नाही. तुमची आठवण आली तेवढं आठवतं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हिला बॉल जॉइंटेड डॉल म्हणतात, आमच्यात नुसतं बीजेडी. रेझिनची, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाची असते, आतून पोकळ. खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा, प्रत्येक सांध्यात एक गोल गोळा वाटीत बसलेला. डोक्यापासून पावलापर्यंत आतून इलॅस्टिक ओवलेलं असतं आणि त्याच्या ताणावर ती उभी राहते, बसते, मान कलती करते. जपानच्या व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये 'सुपर डॉल्फी' काढली, तिथून आताच्या रेझिनच्या बाहुल्यांचा हा छंद पसरला. मग कोरियातल्या, चीनमधल्या कंपन्या आल्या. विग, डोळे, चेहऱ्यावरचा रंग, कपडे, सगळं बदलता येतं. ऑर्डर दिल्यावर साचातून काढतात, म्हणून महिनोन् महिने थांबावं लागतं. हे मला तुम्ही चहा उकळता उकळता सांगितलं होतं.

मला ही बाहुली पहिल्यांदा भाचीने मोबाइलवर दाखवली. लहानपणी आमच्याकडे गुलाबाई बसायची, महिनाभर गाणी म्हणायची, खाऊ ओळखायचा, आणि कोजागिरीला तिला पोचवून आलं की मी दोन दिवस जेवायचे नाही. आई म्हणायची, मातीची आहे ती, पुढच्या वर्षी परत येईल. श्रावणात कानबाई देवीच्या नारळाला डोळे लागले, नथ चढली की मी चौरंगासमोरून उठायचे नाही. फोनवरचा तो चेहरा बघून पोटात तसंच काहीतरी हललं. मी कंडक्टर आहे, एक्केचाळीस वर्षांची, मुलगा नाशिकला शिकतोय. २०२१-२२च्या संपात साठवलेलं सगळं संपलं होतं. त्यानंतर पुन्हा पैपै बाजूला टाकायला लागले.

आणि ज्यांच्याकडे विचारायला गेले त्यांनी काय केलं, तेही लिहिते. जुने हौशी लोक होते, त्यांना विचारलं की पहिली कोणती घ्यावी. एक बाई म्हणाल्या, "बजेट नसेल तर हा नाद कशाला?" दुसऱ्याने माझ्या प्रश्नाचा फोटो काढून मित्रांना पाठवला, हसायला. एका मोठ्या शहरातला विकणारा मात्र फार गोड बोलला. कोरियन कंपनीची आहे, मालकिणीला पैशांची गरज आहे, आजच्या आज सहा हजार टाका म्हणाला. मी टाकले. बाहुली अस्सल असल्याच्या सर्टिफिकेटचा फोटो मागितला तेव्हा आवाज चढला, मग फोन बंद. बाहुलीही आली नाही, पैसेही नाहीत. सहा हजार म्हणजे माझ्यासाठी किती ओव्हरटाइम, ते आमच्या डेपोत कुणालाही विचारा. घरी सांगायची सोय नव्हती. दीड महिना मी ते एकटीच गिळून होते.

आणि मग तुम्ही अमळनेरला माझ्या गाडीत चढलात.

मांडीवर लांबट पिशवी होती. मी तिकीट द्यायला वाकले आणि अर्धवट लागलेल्या चेनमधून एक पाऊल बाहेर आलेलं दिसलं. एवढंसं पाऊल, नखं रंगवलेली, घोट्यात गोल गोळा. मशीन हातात धरून मी तशीच उभी. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, सुटे द्या." मी तुम्हाला हळूच विचारलं, "मावशी, ही बीजेडी आहे ना?" तुम्ही एकदम पिशवीवर हात ठेवलात, मग माझ्याकडे बघितलंत. नंतर तुम्ही सांगितलंत की इतक्या वर्षांत एसटीत कुणी तिला नावाने ओळखलं ते पहिल्यांदाच.

धुळ्याला माणसं उतरल्यावर तुम्ही मागे थांबलात. मी त्या सहा हजारांचं बोलायला लागले आणि मध्येच थांबले. तुम्ही म्हणालात, "काय व्हयनं वं माय? आठे बस." माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी मला बसवलंत. फोटो बघितलेत आणि सांगितलंत की आली असती तरी ती नक्कलच असती. खऱ्या बाहुलीवरून साचा काढून ओततात, त्याला रिकास्ट म्हणतात. अंगाने किंचित लहान भरते, नाकाची, ओठांची धार बोथट होते, आणि ज्याने महिनोन् महिने बसून तो चेहरा घडवला त्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. हे तुम्ही चिडून सांगितलंत, पण त्या विकणाऱ्यावर चिडलात. माझ्यावर नाही. "तुला कळायला हवं होतं" हे वाक्य मी त्या दीड महिन्यात स्वतःला शंभर वेळा म्हटलं होतं. तुमच्या तोंडून ते एकदाही आलं नाही.

पुढच्या फेरीला तुमच्या घरी आले. तुमच्या तीन बाहुल्यांपैकी सगळ्यात जुनी तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि तिचे कपडे काढून पाठ दाखवलीत. पाठ मूळ रंगाची, चेहरा आणि हात पिवळसर. खिडकीतल्या उन्हाने झालं म्हणालात. दंडावर लाल खणाचा डाग होता, गडद कापडाचा रंग रेझिन शोषून घेतं, म्हणून आतून नेहमी पांढरं अस्तर. कोणी आपली चूक अशी उलगडून दाखवत नाही, मावशी. सगळे कपाटातलं चांगलं तेवढं काढतात. मग म्हणालात, आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा पार्सल मे महिन्यात पडून राहील अशा बेताने ऑर्डर करू नको. चेहऱ्याच्या रंगावर सीलर, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा, मारायचा तर पावसाळ्यात नको, दमट हवेत तो पांढरट धरतो. पहिलीचा चेहरा कंपनीकडूनच रंगवून घे. आणि परदेशातून आलेल्या पार्सलवर कस्टम ड्युटी लागते, ते पैसे आधीच धरून ठेव, नाहीतर दारात आलेलं खोकं सोडवता येणार नाही. हे सगळं एका बैठकीत. पुढची कागदपत्रं, भरणा वगैरे इथं लिहीत बसत नाही.

पण मी पत्र लिहितेय ते यासाठीही नाही.

माझं अडलं होतं मापावर. साठ सेंटिमीटरची मोठी घ्यावी, तिला माणसाच्या मापाची एक तृतीयांश म्हणतात, की त्रेचाळीसच्या आसपासची, एक चतुर्थांश? फोटोत दोघी सारख्याच दिसतात. मन मोठीवर होतं. एवढे पैसे घालायचे तर मोठीच घ्यावी, हे आपल्याकडचं गणित. तुम्ही काहीच सल्ला दिला नाहीत. "पुढच्या खेपेला ये" म्हणालात.

पुढच्या खेपेला तुम्ही स्टँडवर आलात, भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन. हातात दोन लांबट पिशव्या होत्या. जुन्या लुगड्याच्या, हाताने शिवलेल्या, आत ज्वारी. एक साठ सेंटिमीटरची, अडीच किलोची. एक त्रेचाळीसची, किलोभराची. मानेला आणि कमरेला दोरा आवळून गाठ मारलेली, म्हणजे वाकवली की बसेल. काठ बाहेरच्या बाजूला येईल अशी शिवण होती, लहानीला हिरवा, मोठीला लाल. "लई जाय. आठ दिवस दोघींना घेऊन राहा, मग सांग," एवढं बोललात आणि गाडी सुटायच्या आत निघून गेलात.

कोणासाठी कोणी एवढं करतं का? दोन पिशव्या शिवायच्या, ज्वारी तोलायची, माप धरून टाके घालायचे, आणि उन्हात चालत यायचं. तेही तिकिटाच्या मशीनवरच्या ओळखीवर.

मोठी तीन दिवसांत भिंतीला टेकली. दिवसभर बॅग अडकवून उजवा खांदा आधीच गेलेला असतो, रात्री अडीच किलो उचलून उठवायची, बसवायची म्हणजे कामच वाटायला लागलं. तिला ठेवायला आमच्या दोन खोल्यांत जागाही नव्हती. लहान पिशवी मात्र कोपराच्या खोबणीत बसली की मी विसरूनच जायचे. टीव्ही बघताना तीच हातात.

आणि पाचव्या दिवशी मी रात्री उशिरा घरी आले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, शेजारणीशी बोलत. "घरात पोर ना सोर, भावली कोणाला?" असं मला तोंडावर विचारणाऱ्या त्या. लहान पिशवी त्यांच्या मांडीवर होती. बोलता बोलता त्या तिला थोपटत होत्या. लक्षही नव्हतं त्यांचं. मी दारात उभी राहून बघत होते. मी दिसल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली नाही. "ज्वारी चांगली आहे, दाणा टपोरा आहे," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री ठरलं. त्रेचाळीसच्या आसपासचीच. फेअरीलँड या कोरियन कंपनीची मिनीफी नावाची बाहुली घेतली, सरळ कंपनीकडून, सर्टिफिकेटसकट. सगळं धरून पन्नास हजारांच्या वर गेले, आणि एका रुपयाचीही चुटपुट लागली नाही. ती पिशवी नसती तर मी मोठी घेतली असती, आणि ती कपाटावर पडून राहिली असती. त्यापेक्षाही, घरात तिच्यासाठी जागा झाली नसती. ती जागा त्या किलोभर ज्वारीने केली.

मावशी, मी अठरा वर्षं एसटीत आहे. रोज शेकडो माणसं बघते. सुट्या पैशांवरून अंगावर येणारी बघते आणि लेकुरवाळीला उठून जागा देणारी, तापी पुलावर गाडी बंद पडली तर न सांगता खाली उतरून धक्का मारणारी, उतरताना "बाई, दहा रुपये जास्त दिले तुम्ही" म्हणून परत येणारी पोरंही बघते. चांगुलपणा खूप आहे आपल्याकडे, फक्त तो आवाज करत नाही. ज्यांनी मला हसण्यावारी नेलं त्यांना बाहुल्यांचं ज्ञान तुमच्याइतकंच असेल, कदाचित जास्तही. दोन टाके घालायची तसदी त्यातल्या कुणी घेतली नाही. त्या विकणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण आता त्याचा विचार आला की पाठोपाठ हिरव्या काठाची पिशवी आठवते, आणि रात्रीची झोप मोडत नाही.

तिचं नाव गुला ठेवलंय, गुलाबाईवरून. सासूबाईंनी तिच्यासाठी जुन्या धोतराचं पांढरं अस्तर कापून दिलं, त्यावर मी परकर शिवतेय. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या रोटांच्या जेवणाला तुम्ही यायचंच, तुमच्या थोरल्या बाहुलीला घेऊन. गाडीची वेळ कळवते, पुढची सीट धरून ठेवते.

मंगळवारी दुपारी धुळ्याला येतेय. मोठी पिशवी उसवून ज्वारी निवडून ठेवली आहे, ती घेऊन येते. लहान पिशवी देत नाही, मावशी. गुला तिलाच टेकून बसते.

तुमची,
चोपड्याची कंडक्टर