गणवेश सेवेतल्यांचा, पदके मात्र आपली

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला की गोव्यातील माजी सैनिकांच्या बैठकांत एक प्रश्न हमखास निघतो. ४ तारखेला नौदल दिन, ७ ला ध्वजदिन, १६ ला विजय दिवस, १९ ला आपला मुक्तिदिन आणि पाठोपाठ जानेवारीत १४ ला माजी सैनिक दिन व १५ ला सेनादिन, असे हे दिवस ओळीने येतात. त्यांच्या निमित्ताने वास्को, वेरें, बांबोळी या भागांतील लष्करी मेसमधून, म्हणजे सैनिकांच्या भोजन-मनोरंजनाच्या जागांतून, रात्रीची मेजवानी किंवा नृत्यसमारंभ, म्हणजे ज्याला आपण गोव्यात सरळ ‘बॉल’ म्हणतो तो, ठरला की त्याचे निमंत्रण निवृत्तांनाही येते. अशा ठिकाणी निवृत्ताने काय घालून जावे, हा तो प्रश्न. मी सिग्नल्समधून, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून याविषयी माझे मत ठाम आहे. निवृत्ताने गणवेश घालू नये. पुरुषांनी बंदगळा किंवा गडद रंगाचा सूट आणि महिलांनी साडी किंवा तितकाच औपचारिक पोशाख करावा, आणि त्यावर आपली पदके न संकोचता लावावीत.

गणवेशाची मुभा कोणाला आणि कोणत्या प्रसंगी, हे त्या त्या दलाचे नियम ठरवतात. पण जिथे अशी मुभा मिळत असेल तिथेही निवृत्ताने ती बॉलसारख्या समारंभात वापरू नये, असे मला मनापासून वाटते. खांद्यावरच्या चिन्हाला हुद्दा असतो आणि त्या हुद्द्यामागे हुकूम देण्याचा अधिकार व हुकूम पाळण्याचे बंधन, दोन्ही असतात. पेन्शनचे कागद हातात पडले त्या दिवशी हे दोन्ही संपले. आपल्या देशात याला अपवाद फक्त पंचतारांकित पदाचा आहे: फील्ड मार्शल करिअप्पा, फील्ड मार्शल माणेकशा आणि हवाई दलाचे मार्शल अर्जन सिंग हे हयात असेपर्यंत सेवेतच मानले गेले आणि गणवेशाचा त्यांचा हक्कही अखेरपर्यंत राहिला. आपण सगळे त्या यादीबाहेरचे. मेसच्या दारात उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या जवानासमोर जुन्या हुद्द्याच्या फिती लावलेला निवृत्त मनुष्य आला, तर त्याने सलाम ठोकावा की हात जोडावेत, हा पेच त्या पोराने का सोसावा?

दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. गणवेश बदलत राहतो. नौदलाचे नवे निशाण २ सप्टेंबर २०२२ रोजी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल होताना फडकले. पुढच्या वर्षी सिंधुदुर्गात झालेल्या नौदल दिनाच्या सोहळ्यात घोषणा होऊन ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील चिन्हांत छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. लष्करालाही २०२२ पासून नवा लढाऊ गणवेश मिळाला आहे. नव्वदच्या दशकात निवृत्त झालेल्याने कपाटातून काढलेला जोड आज सेवेत असलेल्यांच्या रांगेत बसणारच नाही, आणि अर्धवट जुना, अर्धवट नवा गणवेश ही तर त्याहून वाईट गोष्ट. ज्या गणवेशात बटण सैल असले तरी आपण परेडवर बोलणी खाल्ली, तो असा कसातरी चढवणे हा त्या गणवेशाचाच अनादर होय.

या संदर्भात कायद्याचाही उल्लेख होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा पोशाख किंवा चिन्ह वापरणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रामाणिक माजी सैनिकाचा असा हेतू नसतो, त्यामुळे त्याने या कलमाला घाबरण्याचे कारण नाही. पण बाजारात मिळणारे लष्करी छापाचे कपडे आणि टोप्या घालून समारंभांना येणाऱ्या उत्साही मंडळींनी हे कलम एकदा वाचावे.

परदेशाचे दाखले देणाऱ्यांचे म्हणणे मला ठाऊक आहे. अमेरिकेत निवृत्त अधिकाऱ्याला आपल्या निवृत्तीच्या हुद्द्याचा गणवेश घालण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे आणि तिथल्या मरीन कोरच्या १० नोव्हेंबरच्या वर्धापनदिनाच्या बॉलला निवृत्त मंडळी गणवेशातही दिसतात. पण त्याच अमेरिकेत असंख्य निवृत्त लोक काळा डिनर सूट घालून त्यावर लहान आकाराची पदके लावतात. ब्रिटनमध्ये तर नागरी पोशाखावर पदके लावायची की नाही, हे निमंत्रणपत्रिकेवर छापलेले असते आणि छापले नसेल तर लावली जात नाहीत. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट मला ही दुसरी वाटते. पाहुण्याला कोड्यात न टाकता पोशाख पत्रिकेवरच स्पष्ट लिहावा.

आता पदकांविषयी, कारण खरी गफलत तिथेच होते. दिवसाच्या परेडला किंवा स्मारकावर मानवंदना देताना पूर्ण आकाराची पदके लावतात, तर रात्रीच्या मेजवानीला साधारण निम्म्या आकाराची, म्हणजे ‘मिनिएचर’. दोन्ही एकाच वेळी लावायची नसतात. जागा डाव्या छातीवर, बंदगळ्यावर वरच्या खिशाच्या लगेच वर आणि सुटावर डाव्या कॉलरवर. क्रम ठरलेला आहे: शौर्याची आणि विशिष्ट सेवेची पदके आधी, मग युद्धांची आणि मोहिमांची, दीर्घ सेवेची शेवटी, आणि सर्वांत मानाचे पदक बटणांच्या बाजूला. पदके सुट्या टाचण्यांनी एकेक अडकवू नयेत. ती एका पट्टीवर ओळीने शिवून घ्यावीत आणि शिंप्याला सांगून कोटावर दोन बारीक धाग्यांचे फासे करून घ्यावेत, म्हणजे पट्टी सरळ बसते आणि नाचताना एका बाजूला कलत नाही. माजी सैनिकांच्या संघटना स्मरणार्थ जी बोधचिन्हे वाटतात ती सरकारी पदकांच्या रांगेत मुळीच लावू नयेत. आणि वडिलांची पदके मुलाने स्वतःच्या डाव्या छातीवर लावणे हे कितीही प्रेमापोटी असले तरी चूक आहे. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची असते. दिवंगत सैनिकाच्या जवळच्या नातलगांनी मानवंदनेच्या प्रसंगी पदके उजव्या बाजूला लावण्याचा प्रघात आहे. एखादी वीरपत्नी मेजवानीलाही तशी लावून आली तर तिला कोणी नियम सांगू नये, एवढे माझे म्हणणे आहे.

गोव्यात या पदकांना वेगळा अर्थ आहे. जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा १९६१’ अशी धातूची पट्टी असलेले पदक काही घरांत आजही जपून ठेवलेले आहे. ज्या भूमीसाठी ते दिले गेले, तिथल्याच समारंभात ते कपाटात राहावे, हे मला पटत नाही.

महिलांचा विचार या चर्चेत बहुधा होतच नाही. लष्करात वैद्यकीय आणि परिचर्या सेवांबाहेर महिला अधिकारी १९९२ पासून आल्या, म्हणजे त्यांच्यातल्या अनेक जणी आता निवृत्त आहेत आणि परिचर्या सेवेतल्या तर कितीतरी आधीपासून. साडीचा पदर नेमका डाव्या खांद्यावरून जातो, त्यामुळे ब्लाउजवर लावलेली पदके झाकली जातात. निऱ्या घातलेल्या पदरावर, आतून जाड कापडाचा तुकडा धरून पट्टी लावली तर रेशीम फाटत नाही आणि पदकेही दिसतात. निवृत्त महिलेने पतीची पाहुणी म्हणून नव्हे, स्वतःच्या सेवेच्या मानाने तिथे उभे राहावे, यासाठी ही बारीकशी गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

खरी अडचण मात्र जवान, नाविक आणि हवालदार म्हणून निवृत्त झालेल्यांची आहे. माझ्या ओळखीचे डिचोली तालुक्यातील एक वयस्कर हवालदार आहेत. १९७१ साली पश्चिम आघाडीवर होते, त्या युद्धाचे ‘पश्चिमी स्टार’ पदक त्यांच्याकडे आहे. एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, पण पत्रिकेवर ‘मेस ड्रेस किंवा ब्लॅक टाय’, म्हणजे मेजवानीचा खास गणवेश किंवा काळा डिनर सूट, एवढेच इंग्रजीत छापलेले होते. आपल्याकडे तसले काही नाही, आपण तिथे शोभणार नाही, असे ठरवून ते घरी राहिले. त्यांच्याकडे मुलाच्या लग्नात शिवलेला काळा बंदगळा होता आणि तो त्या रात्रीला पुरेसा होता. फक्त हे त्यांना कोणी सांगितले नाही. सेवेत असताना मेस ड्रेस हा अधिकाऱ्यांचा पोशाख होता, जवानाच्या वाट्याला तो कधी आलाच नाही. मग त्या दोन शब्दांनी जवानाला आपण उपरे आहोत असेच वाटणार. नौदलाने २०२४ च्या आरंभी आपल्या मेसमध्ये आणि नाविकांच्या संस्थांत कुर्ता-पायजमा, त्यावर बिनबाह्यांचे जाकीट आणि औपचारिक पादत्राणे यांना मान्यता दिली आहे. बॉलसाठी मी बंदगळाच सुचवीन, पण ज्याच्याकडे नीट इस्त्री केलेला कुर्ता, जाकीट आणि चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट आहेत, त्याला दारातून परत पाठवण्याचे कारण उरलेले नाही.

म्हणून समारंभ ठरवणाऱ्या सर्व युनिटांना आणि माजी सैनिकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की पत्रिकेवर ‘सेवारतांसाठी मेस ड्रेस, निवृत्तांसाठी बंदगळा, सूट किंवा साडी, लहान पदकांसह, लहान पदके नसल्यास मोठीही चालतील’ असे स्पष्ट छापावे, इंग्रजीच्या जोडीला मराठी आणि कोंकणीतही छापावे, आणि खाली चौकशीसाठी दूरध्वनी क्रमांक द्यावा. पत्रिका नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घरी पोहोचावी. तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे लग्नसराई लागते, तिला नाताळची शिवणकामे जोडून येतात आणि मग म्हापशाचा असो की फोंड्याचा, कोणताही शिंपी कोट घेत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार, डिचोली