आडव्या बाटलीचं गणित कधी बदलणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली कुठलीही निवडणूक असो, सगळ्या पक्षांना बायकांच्या मतांची भारी काळजी. लाडकी बहीण झाली, एसटीत अर्धं तिकीट झालं, हळदीकुंकवाला पैठणीचे खेळ तर गल्लोगल्ली. पण बायकांचं एक मतदान असं आहे की त्याच्याबद्दल एकही पुढारी भाषणात शब्द काढत नाही, ते म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मतदान. आडवी बाटली म्हणजे बंद करा, उभी बाटली म्हणजे चालू ठेवा. त्याचा नियमच असा करून ठेवलाय की जिंकलेल्या बायका हरतात, आणि हे पेपरात नीट कुणी मांडत नाही म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्च २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा शहरातल्या वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की अधिकारी येऊन सह्यांची पडताळणी करतात आणि ती बरोबर निघाली की कलेक्टर गुप्त मतदान लावतात. इथपर्यंत छान आहे, मी तर म्हणेन देशात असा अधिकार फार कमी ठिकाणी असेल. पण पुढची अट बघा. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला ५० टक्क्यांपेक्षा जास्त मतं लागतात, आणि ती झालेल्या मतदानाच्या ५० टक्के नाही हं, यादीत जेवढ्या बायकांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या ५० टक्के! म्हणजे जी बाई आलीच नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला.

आता हिशोब करा. २०२४ च्या विधानसभेला आपल्या राज्यात साधारण ६६ टक्के मतदान झालं आणि ते चांगलं झालं म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. तेवढंच मतदान गावात बाटलीला झालं असं धरा. यादीत १०० बायका, आल्या ६६, आणि आडव्याला पाहिजेत ५१. म्हणजे त्या ६६ मधल्या फक्त १६ जणी फुटल्या, दमदाटीने म्हणा, पैशाने म्हणा, की बाकीच्या ५० जणींचा निकाल शून्य. पन्नास विरुद्ध सोळा आणि जिंकले सोळा. ही अट आमदारकीला लावा बरं एकदा, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं घेतल्याशिवाय आमदार नाही म्हणावं, विधानसभेत किती खुर्च्या भरतील ते मला बघायचंय. सरपंच तर दोन मतांनी पण निवडून येतो आणि पाच वर्षं गाव चालवतो.

बरं ग्रामसभेचा कोरम किती, तर १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तेवढ्या लोकांत गावाचे ठराव होतात, लाभार्थी याद्या मंजूर होतात, तिथे कुणी म्हणत नाही की अर्धा गाव आल्याशिवाय चालणार नाही. फक्त बायकांनी दारूबद्दल काही ठरवायचं म्हटलं की सगळ्यांना एकदम बहुमताची आठवण होते.

आणि ती यादी तरी कशी असते हो? लग्न होऊन सहा सहा वर्षं सासरी गेलेल्या पोरींची नावं माहेरच्या यादीत तशीच, वारलेल्या म्हाताऱ्यांची नावं तशीच, पुण्याला कंपनीत नवऱ्याबरोबर गेलेल्यांची नावं तशीच. विधानसभेला याचा फार फरक पडत नाही कारण तिथे आलेली मतंच मोजतात, पण इथे प्रत्येक मेलेलं नाव दुकानदाराच्या बाजूने उभं राहतं. आमच्या मराठवाड्यात तर त्याच्यावर आणखी एक, ऊसतोड. दिवाळी झाली की टोळ्या निघाल्या, नवरा बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली असते त्यामुळे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गावाकडे फिरकता येत नाही. आमच्या शेजारच्या गावात हे मतदान ऐन हंगामात लागलं, निम्म्या वस्त्यांना कुलपं होती. ज्या बायकांना दारूचा सगळ्यात जास्त त्रास त्याच पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात, आणि इकडे त्यांची नावं गैरहजर म्हणून आडव्या बाटलीच्या विरोधात जमा. ज्या बायका गावात होत्या त्या मात्र सकाळपासून शाळेसमोर रांगेत होत्या, मोजणीत आडवीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली, तरी दुकान दुसऱ्या दिवशी चालू, वर फटाके वाजवले ते वेगळंच.

सह्यांच्या पडताळणीचं पण तसंच. सही केलेल्या बाईला नाव पुकारून पुढे बोलवायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं, ही सही तुमचीच का. चावडीच्या बाहेर दुकानदाराची माणसं उभी, दीर, चुलतसासरे उभे. मतदान गुप्त पण अर्ज उघडा. मग एखादी घाबरून म्हणते मला माहीत नाही कसली सही होती, आणि तिला काय बोलणार आपण, तिला त्याच घरात रात्री स्वयंपाक करायचाय. नंतर कागदावर लिहिलं जातं की सह्या पुरेशा भरल्या नाहीत.

दुकानदार एवढा जीव खाऊन का लढतो हे पण समजून घ्या. आपल्याकडे देशी दारूचे आणि वाइन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून बंद आहेत, त्यामुळे जुन्या लायसन्सला सोन्यापेक्षा जास्त भाव. एका गावातून उठला की दुसऱ्या गावात बस्तान बसवायचं म्हणजे परत सगळ्यांना खूश करणं आलं. त्याच्याकडे पैसा आहे, गाड्या आहेत, वकील आहे. इकडे बायकांकडे बचत गटाचं रजिस्टर, आणि झेरॉक्सचे पैसेसुद्धा वर्गणी काढून.

लगेच काही जण म्हणतील की बंदी करून काय होतं, चंद्रपूरचं काय झालं. चंद्रपूरच्या बायकांनी दारूबंदीसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामींच्या बरोबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी जाऊन अधिवेशनावर धडक दिली, १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली, कारण सांगितलं की चोरटी दारू वाढली. चोरटी दारू वाढली हे खोटं नाहीये, मी ते नाकारत नाही. पण चोरटी दारू पकडायचं काम कुणाचं होतं, बायकांचं का? शेजारी गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तिथेही चोरून विकतात, पण तिथे गावागावातल्या बायका आणि डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारखी माणसं पाठपुरावा करत राहिली म्हणून ती टिकली. आणि मी जिल्हा बंदीबद्दल बोलतच नाहीये. मी फक्त एवढंच म्हणतेय की एका गावाने एका दुकानाबद्दल मत दिलं तर ते सरळ मोजा. उभीला जास्त पडली तर राहू दे दुकान, आम्ही मान्य करू, बाकीच्या निवडणुकीत नाही का करत.

कुणाला भीती वाटत असेल की दहा बायका येऊन दुकान बंद करतील तर किमान मतदानाची अट ठेवा, निम्म्या तरी आल्या पाहिजेत म्हणा, पण त्यानंतर झालेल्या मतांमधूनच निकाल लावा. मतदानाच्या आधी यादीचं चावडी वाचन करून मयत आणि सासरी गेलेल्यांची नावं काढा. ऊसतोडीच्या तालुक्यात हे मतदान पावसाळ्याच्या तोंडावर ठेवा, बायका तेव्हा गावात असतात. सह्यांची पडताळणी बाई अधिकाऱ्याने बंद खोलीत करावी, बाहेर पुरुषांची गर्दी नको. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा पण लागत नाही, २००८ चा तो आदेश दुरुस्त केला तरी भागतं.

पंचायतींमध्ये २०११ पासून ५० टक्के जागा महिलांना आहेत. म्हणजे राज्यात निम्म्या सरपंच बायका, पंचायत समित्यांच्या सभापती निम्म्या, झेडपीत निम्म्या. मग यातल्या एकीनेही सभागृहात हा विषय का मांडू नये? मला माहीत आहे काय उत्तर येणार, बऱ्याच ठिकाणी खुर्चीत ताई आणि फोन दादांकडे, आणि दादांची ऊठबस परमिट रूमवाल्याबरोबर. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची हे कायद्यात आहे, किती गावात खरंच होते? आमच्याकडे बऱ्याचदा रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात, झाली महिला ग्रामसभा. पण ज्या ताई खरंच कारभार बघतात, आणि अशा भरपूर आहेत, त्यांनी तरी महिला सभेत हा ठराव घ्यावा आणि आमदाराच्या हातात द्यावा.

तोपर्यंत गावातल्या बायकांना माझं एक सांगणं आहे. अर्ज करायच्या आधी मतदार यादी काढा आणि गटाच्या मीटिंगला मोठ्याने वाचा, एकेक नाव. मयत असेल तर ७ नंबरचा फॉर्म, पोरगी सासरी गेली असेल तर तिला तिकडे ८ नंबरचा भरायला लावा, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, बहुतेक ठिकाणी अंगणवाडी ताई किंवा शाळेचे मास्तरच असतात, त्यांना गाठा. वेळ लागतो, कंटाळा येतो, पण यादीतून जेवढी नावं कमी होतील त्याच्या निम्मी मतं तुम्हाला कमी लागतील. हे काम दिवाळीच्या आत उरका, टोळ्या जायच्या आधी.

आपली,
मराठवाड्यातली एक वाचक