केस मोजले, गोष्टीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ॲनिमेशन सिनेमांच्या सीक्वलबद्दल जो लेख आला होता तो वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. लेखात प्राण्यांच्या अंगावरचा केस न् केस कसा वेगळा हलतो, पाणी कसं अगदी खऱ्यासारखं दिसतं हे सगळं होतं, पण त्या सिनेमांत घडतं काय, त्यातल्या पात्राला हवंय काय, याबद्दल एक ओळ नाही. मी बडोद्यात दांडिया बाजारात गेली अठरा वर्षं मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते, त्यामुळे टेक्निकला कमी लेखणारी मी नाही, एक मांजर नीट काढायला किती खोडरबर झिजतो ते मला चांगलं माहितीये. पण म्हणूनच वाईट वाटलं.

मे महिन्यात आम्ही घरातले चौघं एका मोठ्या सीक्वलला गेलो होतो, मुलगी आणि भाचा दोघंही महिनाभर वाट बघत होते. सिनेमा दिसायला सुंदर होता, खोटं का बोलू, प्रकाश, ढग, गवत, सगळं बघत राहावं असं. परत येताना रिक्षात मी सहज विचारलं की काय झालं गं गोष्टीत, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "मस्त होता" एवढंच. कोण कशासाठी धावत होतं, शेवटी काय मिळालं, काही सांगता येईना. आणि हीच मुलगी टॉय स्टोरीची गोष्ट तिच्या आजीला जेवताना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते, आजीने एकदाही तो सिनेमा पाहिलेला नाही तरी तिला त्या बाहुल्यांची नावं पाठ झालीत.

टॉय स्टोरी हा पिक्सार स्टुडिओचा, १९९५ चा, पूर्ण कॉम्प्युटरवर केलेला पहिला मोठा सिनेमा. त्या वेळच्या कॉम्प्युटरला माणसाची कातडी, केस, कपड्यांच्या चुण्या धड जमत नव्हत्या, सगळं प्लॅस्टिकसारखं चकचकीत दिसायचं, म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचीच खेळणी नायक केली. आज बघितलं तर त्यातला कुत्रा आणि माणसं किती ओबडधोबड आहेत ते लगेच कळतं, पण नवीन खेळणं घरात आलं की जुन्याच्या पोटात जो गोळा येतो तो तसाच्या तसा लागतो, धाकटं भावंड आलेल्या घरात तर जास्तच.

आणि त्याच्या दुसऱ्या भागाचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं. १९९८ मध्ये कुणीतरी चुकून फाइली डिलीट करायची कमांड दिली आणि बराचसा सिनेमा कॉम्प्युटरवरून उडाला. टीममधल्या एका बाईंना नुकतंच बाळ झालं होतं आणि त्या घरून काम करायच्या म्हणून त्यांच्याकडे एक कॉपी होती, त्यावरून सिनेमा वाचला. एवढं वाचवलेलं, आणि मग त्याच लोकांनी बसून ठरवलं की गोष्ट जमत नाहीये, रिलीजला नऊएक महिने उरलेले, तरी बहुतेक सगळं नव्याने करायचं! तंत्रात काही बिघडलं नव्हतं, चित्रं चांगलीच होती. त्या दुरुस्तीत त्यांनी जेसी बाहुलीची हकीकत नीट उभी केली, जिची मालकीण मोठी होते आणि ती पलंगाखाली धूळ खात पडते. आता त्या सिनेमातलं लोकांना आठवतं ते हेच.

तिसरा भाग आला २०१० मध्ये, तोपर्यंत पहिला भाग बघितलेली पोरं कॉलेजात गेली होती आणि सिनेमातला मुलगाही कॉलेजला निघालेला. मध्ये पंधरा वर्षं गेली तर गोष्टीतही वर्षं गेली. आमच्या शेजारचा मुलगा पुण्याला होस्टेलवर जाताना त्याच्या आईने कपाटातली खेळणी काढून पिशवीत भरली, देऊन टाकू का विचारलं, तर तो "दे" म्हणाला आणि मग जिन्यात जाऊन उभा राहिला. सीक्वल म्हणजे मला वाटतं हे, पात्राचं काहीतरी बाकी राहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर नुसतं नाव तेच आणि तिकीट नवीन. त्याच स्टुडिओने दुसऱ्याच वर्षी, २०११ ला, कार्सचा दुसरा भाग काढला, गाड्या पहिल्यापेक्षा कितीतरी झगमगीत, आणि ॲनिमेशनचं वेगळं ऑस्कर सुरू झाल्यापासून तो त्यांचा पहिला सिनेमा ज्याला त्याचं नॉमिनेशनसुद्धा मिळालं नाही.

मला कुणी म्हणेल की पैसा आणि मशीन लागतातच. लागतात ना. पण मार्च २०२५ ला ॲनिमेशनचं ऑस्कर कुणाला मिळालं? लॅटव्हियाच्या फ्लो नावाच्या सिनेमाला. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, खर्च ३५ लाख युरोच्या आसपास, आणि त्याच यादीत इनसाइड आउटचा दुसरा भाग होता ज्याचा खर्च २० कोटी डॉलर. (तो दुसरा भागही मला आवडला, कारण ती मुलगी तेरा वर्षांची होते आणि तिच्या डोक्यात काळजी शिरते, म्हणजे तिथेही काहीतरी पुढे सरकतं.) फ्लोमध्ये एकही शब्द नाही. मांजराचे केससुद्धा वेगळे वेगळे दिसत नाहीत, ब्रशने फासल्यासारखा रंग आहे. पाणी चढत जातं आणि एक मांजर नावेत चढतं, बस. आम्ही तो घरी टीव्हीवर बघितला. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, मगरी रस्त्यांवर आल्या होत्या, ते आमच्या मुलांनी डोळ्याने बघितलंय, आणि सिनेमात पाणी घराच्या दारापाशी आलं तेव्हा माझी मुलगी माझ्या जवळ सरकून बसली आणि संपेपर्यंत बोलली नाही. मग विचारलं, "आई, ते मांजर परत कुठे राहणार?"

त्या पुरानंतर क्लासमध्ये एका सात वर्षाच्या मुलाने चित्र आणलं होतं. खोली वाकडी, परस्पेक्टिव्ह सगळं चुकलेलं, पाणी पंख्यापर्यंत निळ्या स्केचपेनने गच्च रंगवलेलं, आणि कपाटावर आजोबा बसलेत, मांडीवर देवघर घेऊन. शेजारी बसलेल्या मोठ्या मुलाने त्याच दिवशी वाघ काढला होता, शेडिंग बघाल तर कॅलेंडरवर छापावा असा. पण सगळी पोरं त्या कपाटाभोवती जमली, कुणी विचारलं आजोबा चढले कसे, कुणी विचारलं देव भिजले का. वाघाला कुणी काही विचारलं नाही. मी त्या मोठ्या मुलाला एवढंच म्हटलं की हा वाघ कुठे निघालाय ते ठरव आणि परत काढ, तर पुढच्या आठवड्यात त्याने वाघाच्या पायाखाली ओली वाट काढून आणली.

हेच तर आपल्याकडे पहिल्यापासून आहे. कीर्तनात बुवांकडे असतं काय, झांजा, पेटी, तबला, आणि आख्यान समोरच्या सगळ्यांना आधीच पाठ असतं, तरी रात्री अकरापर्यंत कुणी उठत नाही. दादासाहेब फाळके १८९० मध्ये आमच्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकायला आले होते, पुढे त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून चित्रित केलं, आता पुढे काय होणार म्हणून माणूस ते बघत राहतो.

तर एवढीच विनंती आहे की पुरवणीत यापुढे कुठल्याही सीक्वलबद्दल लिहिताना केसांची संख्या खुशाल लिहा, पण पहिल्या परिच्छेदात गोष्ट काय आहे ते दोन ओळींत सांगा, आणि दोन ओळींत सांगता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार माणसांचे दोन हजार रुपये जातात आणि पालक तुमचा लेख वाचूनच ठरवतात.

आपली,
एक वाचक आणि चित्रकला शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदा