लाल शाई जरा बाजूला ठेव

पुणे, 22 जून

प्रिय मीना,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘सर्व विषयांत लेखन’ ही जबाबदारी शाळेनं तुझ्या गळ्यात घातली, आणि कारण काय, तर तू मराठी शिकवतेस! पहिली गफलत इथंच आहे. पुढच्या बैठकीत ती दुरुस्त करून घे. शास्त्रीय कारण कसं लिहायचं हे तू शिकवू शकणार नाहीस, भूमितीची सिद्धता तर नाहीच. इतिहासात ‘हे कोण सांगतंय’ असं विचारल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. गणितात एक ‘म्हणून’ भलत्या ओळीत पडला की सगळी सिद्धता कोसळते. हे ज्याचं त्यानं आपल्या तासाला दाखवायचं असतं. भाषा ही सगळ्याच विषयांच्या शिक्षकांची जबाबदारी आहे आणि शाळेचं त्याबद्दल ठरलेलं धोरण हवं, असं ब्रिटनमधल्या बुलक समितीनं 1975 साली सांगून ठेवलंय. तरी ‘लिहायचं आहे ना? मराठीच्या बाईंकडे द्या’ हे वाक्य शिक्षक-खोलीतून काही हलत नाही.

सगळ्यांना एकदम ओढू नकोस. आपणहून तयार होतील असे तिघं पुरेत. इयत्ता एकच घे, आठवी किंवा नववी. दहावीला हात लावू नकोस, पालक अंगावर येतील. एक सत्र चालव आणि मग बघ.

सुरुवात पाच मिनिटांच्या लेखनानं कर. तास पस्तीस मिनिटांचा असेल तर शेवटची पाच राखायची. पाठकोऱ्या कागदाचा अर्धा तुकडा, एक प्रश्न, गुण नाहीत. खरी मेहनत प्रश्नावर घ्यायची. ‘आज काय शिकलात?’ असं विचारलंस की साठ जण ‘आज आम्ही बाष्पीभवन शिकलो’ असं लिहून मोकळे होतात. त्याऐवजी विचार, ‘एप्रिलमध्ये माठातलं पाणी छान गार होतं, मग जुलैत तेवढं का होत नाही?’ याचं उत्तर गाईडमधून उचलता येत नाही.

आता तपासणी. साठ कागद, प्रत्येकी चार मिनिटं म्हणजे चार तास. असं करणारा शिक्षक तिसऱ्या आठवड्यात हात टेकतो आणि उपक्रम तिथंच संपतो. म्हणून तपासायचंच नाही, फक्त ढीग लावायचे: समजलं, अर्धं समजलं, नाही समजलं. एका कागदाला दहा सेकंद धरलीस तर दहा मिनिटांत काम उरकतं. मधल्या ढिगातले दोन-तीन कागद दुसऱ्या दिवशी नाव न सांगता वाचून दाखवायचे आणि वर्गालाच विचारायचं, कुठे अडलं? एका विषयाला आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नको.

विज्ञानावर जरा सविस्तर लिहिते, कारण तिथं नुकसान सगळ्यात जास्त आणि उपाय सगळ्यात सोपा आहे. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाला मुलं एकाच शब्दाचं उत्तर देतात: ‘कारण बाष्पीभवन होते.’ बाईही बरोबरची खूण करतात. पण ते नुसतं नाव झालं. माठाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी झिरपून बाहेर येतं, बाहेर त्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होतं. साखळीला पाच कड्या आहेत आणि मुलाच्या उत्तरात चौथी हमखास गायब असते. तीच नेमकी समजलेली नसते. म्हणून आधी नुसते बाण काढायला लावायचे, बाणाच्या दोन्ही टोकांना दोन-तीन शब्द, आणि मग प्रत्येक बाणाचं एक वाक्य. ज्या बाणावर मूल ‘कशामुळे?’ याला उत्तर देऊ शकत नाही, तिथं धडा पुन्हा घ्यायचा. जुलैचं उत्तरही त्याच साखळीतून निघतं. हवेत आधीच दमटपणा भरपूर, त्यामुळे तिसरी कडी मंदावते.

प्रयोगाच्या जर्नलचं दुखणं तुला माहीतच आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं मागच्या वर्षीच्या वहीतून उतरलेलं. मुलं प्रयोगाच्या आधीच अनुमान लिहून बसलेली असतात! यावर उपाय असा: कागद मधोमध दुमडायचा, डावीकडे ‘काय दिसलं’ आणि उजवीकडे ‘त्यावरून काय म्हणता येतं’. प्रयोग चालू असताना फक्त डावी बाजू भरायची, तीही पेन्सिलीनं. जस्ताच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतल्यावर ‘हायड्रोजन तयार झाला’ असं डावीकडे लिहिलेलं सापडलं की खोडायला लाव. हायड्रोजन कुणाला दिसला? दिसले ते बुडबुडे, आणि जळती काडी तोंडाशी नेल्यावर ‘फट्’ असा आवाज झाला. हा कच्चा कागद जर्नलला टाचून घ्यायचा. त्याचा मजकूर पक्क्या पानाशी जुळला नाही, तर कुणाची वही कुठून उतरली हे शोधायला गुप्तहेर लागत नाही.

गणिताचे सर म्हणतील, ‘आमच्याकडे लिहायला काय आहे?’ त्यांना सांग, गैरहजर मित्राला चिठ्ठी लिहायला लावा. मित्रानं (a + b)² = a² + b² असं केलंय, त्याची चूक त्याला पटवून द्यायची, ‘सूत्र असं नाही’ एवढ्यावर भागवायचं नाही. चांगली चिठ्ठी लिहिणारा 2 आणि 3 घालून बघतो: एकीकडे 25, दुसरीकडे 13. मग बाराची तूट कुठं गेली? बाजू पाच असलेला चौरस काढला की सहा-सहाचे दोन आयत समोर दिसतात. ज्याला हे लिहिता आलं तो 2ab पुन्हा विसरत नाही. चिठ्ठीला आठ ओळींची मर्यादा घालायची, नाहीतर ‘पत्र लिहिण्यास कारण की’ यातच अर्धं पान जातं.

इतिहासात एकाच घटनेची दोन साधनं शेजारी ठेवायची. इथल्या शाळांना पानशेतचा पूर सोयीचा पडतो. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. एक त्या काळच्या वर्तमानपत्राचं कात्रण, एक घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांची आठवण. तुमच्या सांगलीत कृष्णेचा 2019 चा महापूर घे, मुलांच्या घरातलीच साक्ष मिळेल. मग तीनच वाक्यं लिहायची: हे साधन काय सांगतं, काय सांगू शकत नाही, दोन्हींत फरक कुठे पडतो. पुरावर निबंध मागू नकोस. ‘पावसाने थैमान घातले’ आणि ‘निसर्गापुढे माणूस हतबल’ याखेरीज हाती काही लागत नाही.

भूगोलात आकड्यांचं वाक्य करायला शिकवलं तरी पुष्कळ झालं. लोणावळ्याचा पाऊस 4000 मिमीच्या घरात, पुण्याचा 700 ते 750, अंतर साधारण 65 किलोमीटर. मुलं तक्ता जसाच्या तसा उतरवतात. त्यांना ‘पट’ हा शब्द वापरून एक वाक्य, आणि ‘वारा’ व ‘घाट’ हे दोन्ही शब्द घेऊन दुसरं लिहायला लाव.

सेमी-इंग्रजीच्या वर्गांत आणखी एक अडचण असते. मूल मराठीत विचार करतं आणि इंग्रजीत ‘वॉटर इज इव्हॅपोरेट’ असं लिहितं. आपण व्याकरण दुरुस्त करतो, विचार तसाच राहतो. तिथं कारण आधी शेजाऱ्याला मराठीत सांगू द्यावं, मग फळ्यावर लागतील ते चार-पाच पारिभाषिक शब्द आणि ‘बिकॉज’, ‘सो’, ‘बट’, ‘व्हेन’ हे जोडशब्द द्यावेत, मग लिहायला लावावं. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ दे.

शुद्धलेखनाबद्दल मी हे म्हणतेय याचं तुला आश्चर्य वाटेल, पण पहिल्या मसुद्यावर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नकोस. ‘पाणि’ला लाल गोल पडला की पुढच्या वेळी मूल ‘झिरपणे’ लिहायचं टाळतं आणि ‘होते’वर भागवतं. दहा गुण असतील तर कारणांची साखळी चार, पुरावा तीन, क्रम दोन, भाषा एक. पक्क्या प्रतीत तो एक गुण मात्र काटेकोरपणे कापायचा. मुलांनी एकमेकांचं वाचतानाही दोनच प्रश्न द्यायचे: ‘कुठे समजलं नाही?’ आणि ‘कुठे पुरावा हवा होता?’ नुसतं ‘तपासा’ म्हटलं की ती वेलांट्याच मोजत बसतात. नमुना उत्तरही एकच परिपूर्ण दाखवू नकोस, ते पाठ होतं. एक बरं आणि एक मध्यम अशी दोन दाखव आणि गुण त्यांनाच देऊ दे.

तुमच्या ज्युनिअर कॉलेजचं थोडक्यात. मोबाईलवरून उतरवलेले प्रकल्प थांबवायचे असतील तर तारीख एकच ठेवू नका. पहिल्या आठवड्यात प्रश्न एका ओळीत, दुसऱ्यात वर्गात बसून हातानं लिहिलेला दीडशे शब्दांचा कच्चा मजकूर, चौथ्यात पक्की प्रत, तिन्हींचे गुण वेगळे. शेवटच्या रात्री आणलेली गुळगुळीत प्रत आधीच्या दोन कागदांशी जुळत नाही, आणि तोंडी दोन प्रश्न विचारले की उलगडा होतो.

बैठकीत ‘अभ्यासक्रम कोण पुरा करणार?’ हा प्रश्न येणारच. त्यावर वाद घालू नकोस. आठवड्याची पाच मिनिटं, सोळा आठवड्यांचं सत्र, म्हणजे एका विषयाची ऐंशी मिनिटं, पस्तीस मिनिटांच्या जेमतेम सव्वादोन तासिका होतात, हा हिशेब फळ्यावर मांड.

पाठकोरे कागद आतापासून साठवायला सांग, ऑफिसातच रद्दीत जात असतील. आणि पहिल्या खेपेचे ‘अर्धं समजलं’ या ढिगातले पाच-सहा कागद मला पाठव, नावं कापून. माठाचाच प्रश्न विचारलास तर उत्तम, चौथी कडी किती जणांनी गाळली ते मला बघायचंय.

तुझी,
सुलभा