जुन्या क्वाड बाइकचा गिअर अडला की थेट इंजिन उघडायचे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वरूड, मोर्शी, काटोल या संत्रापट्ट्यात आता एखाददुसऱ्या बागेत चार चाकांची क्वाड बाइक दिसू लागली आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळ्या मातीच्या चिखलात दुचाकी रुतते आणि ट्रॅक्टर झाडांच्या ओळींत मावत नाही, त्यामुळे फवारणीची टाकी किंवा खताची पोती नेण्यासाठी हे वाहन खरोखर उपयोगी पडते. नवे परवडत नसल्याने शेतकरी बहुधा पर्यटनस्थळी वापरलेले जुने वाहन विकत घेतात आणि थोड्याच दिवसांत गिअर नीट पडत नाही ही तक्रार सुरू होते. त्यावर ‘गिअरबॉक्स गेला, इंजिन उघडावे लागेल’ असे जे उत्तर सर्रास मिळते, त्याविषयी हे पत्र आहे.

आमच्या शेजारच्या बागेतील अशाच एका वाहनाचा दुसरा गिअर कधी पडे, कधी पडत नसे. तालुक्याच्या ठिकाणी एका गॅरेजने वाहन बघताक्षणी इंजिन उघडण्याचा खर्च सांगितला. आम्ही गिअरचा लिव्हर आणि तो ज्या शाफ्टवर बसतो त्याचे टोक, या दोन्हींवरून खडूची एक सरळ रेघ ओढली आणि पायाने गिअर टाकून पाहिला. लिव्हर हलला, शाफ्ट जागीच राहिला आणि रेघ मधोमध तुटली. लिव्हरच्या आतील, शाफ्टला पकडणाऱ्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि आवळणारा बोल्ट ढिला पडला होता. लिव्हर बदलला, बोल्ट आवळला, आणि वाहन चालू लागले. ज्या दोषासाठी इंजिनच्या झाकणाला हातही लावावा लागला नाही, त्यासाठी शेतकऱ्याने बहाराच्या हंगामात आठवडेच्या आठवडे वाहन गॅरेजमध्ये का ठेवावे?

तपासणीचा क्रम ठाऊक असला तर हे टळते. पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करावी: वाहन हाताने थोडे मागेपुढे हलवत एकेक गिअर टाकून पाहावा. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडत असतील आणि चालू केल्यावरच अडत असतील किंवा न्यूट्रल सापडत नसेल, तर दोष गिअरबॉक्सपेक्षा क्लचमध्ये असण्याची शक्यता फार मोठी असते. क्लच दाबूनही तो पूर्ण सुटत नाही, एवढेच त्याचे कारण असते. हाताच्या क्लचला लिव्हरच्या टोकाशी बहुधा 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती जास्त असेल तर क्लच सुटत नाही, आणि अजिबात नसेल तर प्लेटा घसरून जळतात. केबल गंजलेली किंवा तिचे धागे तुटलेले असतील तर ती आधी बदलावी. वाहन बरेच दिवस उभे असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटतात, हेही लक्षात ठेवावे.

लहान क्वाडना पुष्कळदा क्लचचा लिव्हरच नसतो. गिअरचा पाटा, म्हणजे पायाचा लिव्हर, दाबताच क्लच सुटतो आणि मग गिअर पडतो. हिरो होंडाची जुनी ‘स्ट्रीट’ दुरुस्त केलेल्या मिस्त्रींना ही रचना परिचयाची आहे. तिथे बहुतेक इंजिनांत बाजूच्या झाकणावरील चेकनट सैल करून आतला स्क्रू हलका अडेपर्यंत फिरवावा, मग साधारण 1/8 फेरा मागे घेऊन चेकनट आवळावा. फिरवण्याची दिशा मात्र त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावी. अशा वाहनात आयडलिंगची रेस वाढलेली असेल तर क्लच अर्धवट धरून राहतो आणि पहिला गिअर टाकताना खडखडाट होतो. इंजिनची ताकद रबरी पट्ट्याने (बेल्टने) चाकांकडे नेणाऱ्या मोठ्या ऑटोमॅटिक क्वाडमध्येही रेस जास्त असली की न्यूट्रलमधून रिव्हर्स टाकताना दाते घासतात, म्हणून तिथे आधी रेस आणि लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी दांडी पाहावी. रिव्हर्सला अनेक मॉडेलांत वेगळा खटका असतो आणि वाहन पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नसतो.

ऑइलकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. गिअर असलेल्या बहुतेक क्वाडमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल असते, त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (JASO MA, MA2) असा दर्जाचा शिक्का असलेले दुचाकीचेच ऑइल घालावे. घर्षण कमी करणारे कारचे ऑइल घातल्यास क्लच घसरतो, इंजिन ओरडते पण वाहन ओढत नाही, आणि दोष गिअरला दिला जातो. काढलेले ऑइल दुधाळ दिसले तर नाल्यातून जाताना आत पाणी शिरले असावे, आणि त्यात लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र काम खरोखर मोठे आहे.

गिअर टाकल्यावर पाटा जागेवर परत येत नसेल तर शिफ्ट शाफ्टची स्प्रिंग तुटलेली असू शकते, आणि ती अनेक इंजिनांत क्लचच्या बाजूचे झाकण काढूनच बदलता येते, पूर्ण केस फोडावी लागत नाही. एखादाच ठरावीक गिअर ओझ्याखाली आपोआप सुटत असेल तर त्या गिअरचे दाते झिजलेले किंवा गिअर सरकवणारा फोर्क वाकलेला असतो. तिथे इंजिन उघडण्याला पर्याय नाही आणि हयगयही चालणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या उतारावर भरलेली टाकी असताना गिअर सुटला, तर इंजिनचा रोध क्षणात नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

आपल्या कृषिविषयक पानावर ट्रॅक्टर व पंपाच्या देखभालीची माहिती येते, तशी या वाहनांचीही यावी, अशी विनंती आहे. विदर्भातील कृषी विज्ञान केंद्रांनी आणि तालुक्याच्या आयटीआयने यावर एकेक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे. विकणाऱ्यांनी पुस्तिका द्यावी, आणि घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी इंजिन गरम झाल्यावर, उतारावर व चढावर, रिव्हर्ससह प्रत्येक गिअर स्वतः टाकून पाहावा.

आपला,
एक संत्रा बागायतदार,
ता. वरूड, जि. अमरावती