यू-टूच्या कार्यक्रमाच्या परीक्षणाबद्दल तक्रार

कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
दि. १८ डिसेंबर २०१९

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक विभाग
(प्रत : मा. संपादक)

विषय : यू-टू या आयरिश रॉक बँडच्या नेरूळ येथील कार्यक्रमाचे मंगळवारच्या अंकातील परीक्षण

महोदय,

मी आपल्या दैनिकाचा वार्षिक वर्गणीदार. पेपर उशिरा येतो, पावसाळ्यात भिजून येतो, त्यावर आजवर कधी पत्र लिहिलं नाही. हे लिहितोय, कारण मंगळवारचं परीक्षण अर्धाच कार्यक्रम बघून लिहिलंय अशी माझी पक्की खात्री झाली आहे, आणि वर्गणी मी पूर्ण भरतो.

रविवारी, १५ तारखेला, मी डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतो. ट्रॅफिकचं तुमच्या समीक्षकांनी लिहिलंय ते बरोबर, हाल झालेच. पण त्यात आणि कोण कोण सिनेमावाले आले होते यात पहिला कॉलम संपला. पुढे ते म्हणतात, सुरुवातीच्या गाण्यांत मागचा अवाढव्य स्क्रीन बंद पडला होता, आयोजकांचा ढिसाळपणा. साहेब, तो बंद पडला नव्हता, बंद ठेवला होता. आधी ड्रमवाला लॅरी मलन एकटाच चालत गर्दीत शिरलेल्या छोट्या स्टेजवर आला, मागून बाकीचे तिघे. जुनी गाणी तिथेच झाली. मुख्य अल्बम ‘द जोशुआ ट्री’ सुरू झाला तेव्हा अख्खा स्क्रीन लालभडक झाला आणि त्यावर त्या नावातलं काळं झाड. २०१७ पासून या दौऱ्याची मांडणीच अशी आहे.

खरा राग आहे तो पुढच्या परिच्छेदाचा. गाजलेली तीन गाणी लागोपाठ उरकली, मग कार्यक्रम ढेपाळला, क्रम लावणाऱ्याला प्रेक्षक कळलेच नाहीत म्हणे. हा क्रम १९८७ सालीच लागलाय! ‘द जोशुआ ट्री’ हा अकरा गाण्यांचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्याच क्रमाने वाजवायचा, यासाठीच तर हा दौरा. कॅसेटच्या ए बाजूला ती तीन गाणी पहिलीच आहेत. बी बाजूला आहे ‘रेड हिल मायनिंग टाउन’, ब्रिटनमधल्या १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपावरचं. २०१७पर्यंत या बँडने ते स्टेजवर कधीच वाजवलं नव्हतं. म्हणजे ज्याला तुमचे समीक्षक भरताड म्हणतात, त्याचीच आम्ही वाट बघत होतो. ‘वन ट्री हिल’ आहे ग्रेग कॅरोलसाठी, बँडसोबत काम करणारा न्यूझीलंडचा माओरी तरुण, १९८६ साली डब्लिनमध्ये मोटारसायकल अपघातात गेला. शेवटचं गाणं अर्जेंटिना आणि एल साल्वाडोरमध्ये बेपत्ता केल्या गेलेल्या मुलांच्या आयांचं. या गाण्यांवर कोणी उड्या मारत नाही. मारायच्याही नसतात.

आमच्याकडे सध्या जत्रांचे दिवस आहेत. दशावतारात सुरुवातीची संकासुराची धमाल बघून घरी जायचं आणि सकाळी सांगायचं की आख्यान रंगलंच नाही, असं कोणी केलं तर टपरीवर त्याच्या मताला कोण विचारणार?

गिटारवादक एज तेच तेच वाजवतो, हा आणखी एक शेरा. तो एक सूर छेडतो आणि डिलेच्या यंत्रातून त्याचा पडसाद ठरलेल्या अंतराने परत येतो. त्या दोहोंच्या मधल्या फटीत तो पुढचा सूर बसवतो. अल्बमच्या पहिल्याच गाण्यात ही नक्षी तीनच्या चालीत सुरू होते आणि बँड आत शिरताना चारच्या चालीत जाते. मृदंगाच्या साथीला कान सरावलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ज्याला पेपर परीक्षण लिहायला पाठवतो त्याला तरी ऐकू यावं.

आणि रहमान? शेवटच्या भागात ए. आर. रहमान आपल्या मुलींसह स्टेजवर आले. परीक्षणात त्यांचं नावसुद्धा नाही. यू-टूचा भारतातला हा पहिला कार्यक्रम, या दौऱ्याचा शेवटचा, मुंबईत रहमान, आणि एक ओळ नाही! माझ्यासोबत आलेल्या मित्राने पेपर वाचून समीक्षकांबद्दल एवढंच विचारलं, “हो मधीच उठान गेलो काय रे?” सोमवारच्या अंकात आलं असतं तर आमची आवृत्ती लवकर सुटते म्हणून समजून घेतलं असतं. आलं मंगळवारी.

गायक बोनोचं बोलणं लांबलं, असं समीक्षकांना वाटलं. वाटू दे, मलाही थोडं लांबल्यासारखं वाटलं. मताबद्दल माझी तक्रार नाही.

स्क्रीन आणि गाण्यांचा क्रम याबद्दलची चूक त्याच पानावर, वाचता येईल अशा टायपात दुरुस्त करावी. समीक्षक शेवटपर्यंत थांबले होते की नाही, हे मला लेखी कळवावं. वर्गणी जानेवारीत संपते. एजंट पुस्तक घेऊन दारात यायच्या आधी उत्तर मिळालं तर बरं.

कळावे,
आपला एक वर्गणीदार